दुसरी बाजू, तिसरं गाणं

सकाळी अकराच्या सुमाराला दंतवैद्याने पिशवीतून रेकॉर्ड काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि कव्हर बघताच मी हात मागे घेतला. त्याला वाटलं, मी हात पुसायला कापड शोधतेय. तशी मी पुसतेच. गेली तेवीस वर्षं मी जुन्या सोल गाण्यांच्या रेकॉर्डी बघून, ऐकून त्यांची प्रत ठरवायचं काम करते. कोणाला विकायच्या असतात, कोणाला विम्यासाठी कागद हवा असतो, कोणाला आपल्या नवऱ्याने जन्मभर काय जमवून ठेवलं एवढंच जाणून घ्यायचं असतं. धंद्यातली माणसं माझ्यामागे मला 'नखी' म्हणतात, कारण रेकॉर्डवर रेष दिसली की मी तिच्यावरून बोटाचं नख अलगद फिरवते आणि ओरखडा किती खोल आहे, सुई तिथे नुसती कुरकुरेल की उडी मारेल, ते रेकॉर्ड न लावता सांगते. माझं कधी चुकत नाही, असं मी लोकांना सांगते आणि लोकही एकमेकांना सांगतात. पण निळ्या पडद्यासमोर पाठमोरी बसलेली बाई, तिचा एकच कान आणि त्या कानातलं पिवळं डूल असलेलं हे कव्हर मी आयुष्यात तिसऱ्यांदा बघत होते, आणि माझा हात पुढे जात नव्हता.

"तुमचं आणि आमचं काम एकच हो," दंतवैद्य खुर्ची ओढत म्हणाला. "दिवा मारायचा आणि किडलंय कुठे ते बघायचं." मी हसले असेन. हा माणूस बोलका होता, दिवसभर तोंड उघडून गप्प बसलेल्या लोकांशी बोलायची सवय असलेला. आई वारली, तिचं कपाट आवरतोय, ही तिची सगळ्यात लाडकी, असं तो सांगत होता. मी रेकॉर्ड कडांना धरून बाहेर काढली. पहिली बाजू बघितली. सावकाश बघितली, इतकी सावकाश की एरवी मी तेवढ्या वेळात चार रेकॉर्डी बघते. मग उलटी केली. दिव्याखाली तिरपी धरल्याबरोबर ती दिसली. तिसऱ्या गाण्याच्या मध्याच्या जरा पुढे, नखाएवढ्या लांबीची, स्वल्पविरामासारखी वाकडी रेष. ही आमची, माझ्या मनात आलं. दादाने विकली. मला न सांगता, कोणाला तरी देऊन टाकली, आणि ती फिरत फिरत या माणसाच्या आईकडे गेली. पण कव्हरच्या मागे जांभळ्या शाईत त्याच्या आईचं नाव होतं आणि खाली तारीख, आमच्या घरी ती आली त्याच वर्षाची. माझं डोकं एवढंही धड चालत नव्हतं. मी नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या बाजूला ओरखडा आहे. तिसऱ्या गाण्यात अडकणार."

"अडकते," तो म्हणाला. "पण ओरखडा नाही तो. पहिल्यापासून तशीच आहे. आईने नवीकोरी आणली, त्याच संध्याकाळी अडकली. दुसऱ्या दिवशी ती दुकानदाराशी भांडायला गेली. त्याने बिचाऱ्याने दुसरी काढून दिली, पाकीटबंद. तीही तिथेच. मग दुकानदाराने तिसरी लावून बघितली. तीही तिथेच. आई म्हणाली, राहू दे, गाणंच असं असेल. आम्ही भावंडं ते गाणं तसंच म्हणायचो, अडकून अडकून. मी मोठा होईपर्यंत मला माहीतच नव्हतं की गाणी अशी नसतात."

तो हसत होता. मी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख रेषेवर टेकवलं आणि फिरवलं. ओरखड्यात नख खाली जातं. हे मी किती जणांना शिकवलं असेल. ओरखडा म्हणजे खणलेली जागा. नख त्यात उतरतं, अडकतं, आणि उजेडात त्याच्या कडा पांढुरक्या दिसतात. माझं नख खाली गेलं नाही. ते चढलं. केसाएवढं चढलं आणि पलीकडे उतरलं. मी पुन्हा फिरवलं. भिंग लावलं. कडा पांढऱ्या नव्हत्या. बाकीच्या रेकॉर्डइतकीच ती रेषही काळी आणि चकचकीत होती. रेकॉर्डी ज्या साच्यात दाबून काढतात त्या साच्यालाच चरा पडलेला असला, की प्रत्येक रेकॉर्डवर त्या जागी खाच न पडता उंचवटा येतो. कारखान्यातून बाहेर पडतानाच ती तशी असते. माणसाचा हात लागायच्या आधीच. दंतवैद्य म्हणाला, "दुखतंय का काही?" आणि मग स्वतःच हसला, कारण हा प्रश्न त्याच्या तोंडून सवयीने गेला होता.

त्याला मी उद्या या म्हणून सांगितलं. दार बंद केलं, पाटी उलटी केली आणि फडताळातून सहा वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. दुसऱ्यांदा हे कव्हर माझ्यासमोर आलं होतं तेव्हाचं पान मला शोधावं लागलं नाही. 'दुसरी बाजू, तिसरं गाणं, खोल ओरखडा. निष्काळजीपणे हाताळल्यामुळे. प्रत: बरी.' अक्षर माझं. त्या रेकॉर्डवरून मी नख फिरवलंच नव्हतं. बघितलं आणि बाजूला ठेवली. आख्ख्या धंद्यात जिच्या नखाचं नाव, तिने त्या एका रेषेला हात लावला नाही, कारण ती काय आहे हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून पक्कं माहीत होतं. आणि निष्काळजीपणे, हा शब्द तर माझा नव्हताच. तो बाबांचा होता.

बाबांनी ती रेकॉर्ड कोणाकडून तरी, बोटीवर काम करणाऱ्या माणसाकडून मागवली होती. सोल म्हणजे आत्मा, असं त्यांनी जेवताना आम्हाला समजावलं, आणि दादा म्हणाला, मग बुटाच्या तळव्याला सोल का म्हणतात. आई हसली, बाबाही हसले. बाबा हसल्याचं मला फार थोड्या वेळा आठवतं, त्यातली ही एक. दादा पंधरा वर्षांचा होता आणि गायचा. जिन्यात गायचा, कारण आमच्या इमारतीचा जिना चार मजले सरळ उभा होता आणि त्यात आवाज चांगला लागायचा. शेजारचे लोक दार किलकिलं करून ऐकायचे. बाबांनी त्याला शिकवायला एक गाण्याच्या बाई ठरवल्या होत्या, पुढच्या महिन्यापासून. त्या रात्री बाबांनी रेकॉर्डची फक्त पहिली बाजू लावली. दुसरी उद्या, म्हणाले, ऑफिसातले दोघं येणार आहेत, त्यांच्यासोबत ऐकू. चांगली गोष्ट एका बैठकीत संपवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. आई शेजारी गेली होती, दादा खाली सायकल पुसत होता. मी स्टुलावर चढून झाकण उघडलं आणि दुसरी बाजू लावली. मला अजून सांगता येईल खोलीत काय काय होतं; खिडकीची सावली कुठवर आली होती ते, माझ्या मोज्याचं भोक, झाकणाला येणारा गरम धुळीचा वास. पहिलं गाणं, दुसरं. तिसऱ्यात ती बाई एका शब्दावरून वर चढू लागते, एक पायरी, दोन पायऱ्या, आणि वरच्या स्वराला टेकायच्या आत सुई कट् करून मागे येते. पुन्हा वर, पुन्हा मागे. मी हाताने सुई उचलायला गेले, ती घसरली, एक चरचर आवाज झाला. तो आवाज माझ्या कानात चव्वेचाळीस वर्षं आहे. मी रेकॉर्ड खिडकीजवळ नेऊन तिरपी धरली आणि मला रेष दिसली. ती माझीच, यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसातले दोघं आले. मी बिस्किटांची बशी घेऊन दाराशी उभी होते. तिसरं गाणं अडकलं तेव्हा त्यातला एक जण हसला आणि म्हणाला, वा, भारी माल आणलात. बाबांनी सुई उचलली. पाहुणे जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग रेकॉर्ड दिव्याखाली धरून त्यांनी विचारलं, "कोणी लावली होती ही?" आवाज चढवला नाही. माझ्या तोंडात जीभ होती की नव्हती मला आठवत नाही. बशी घट्ट धरलेली आठवते. आणि दादा म्हणाला, "मी." लगेच म्हणाला, विचार न करता. बाबांनी प्लेअरचं झाकण लावलं, त्याला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. "निष्काळजीपणाने हाताळलेली वस्तू कायमची जाते," ते म्हणाले. "ज्याला ऐकावं कसं हे कळत नाही, तो गाणार काय." गाण्याच्या बाई आल्याच नाहीत. दादा जिन्यात गायचा थांबला. कोणी त्याला थांब म्हणालं नव्हतं, तो नुसता थांबला. पुढे त्याने लिफ्टदुरुस्तीचं काम धरलं आणि पस्तीस वर्षं दोऱ्या आणि चाकांच्या त्या उभ्या अंधाऱ्या बोळांत काढली. तिथे आवाज केवढा घुमत असेल. मी त्याला एकदा विचारलं होतं, तू तिथे गातोस का रे. तो म्हणाला, लिफ्ट काय म्हणतेय ते ऐकायचं असतं, आपण गायचं नसतं.

मी आयुष्यभर समजत आले की त्याने मला वाचवलं. मला दाराशी बघून त्याने ओळखलं आणि पुढे झाला. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण मनातल्या मनात त्याच्यावर इतकी माया केली, आणि त्याच्यासमोर बसायला इतकी घाबरले, की महिनामहिना त्याच्याकडे फिरकायची नाही. ही रेकॉर्ड त्याच्याकडेच होती. बाबा गेल्यावर सामानाची वाटणी झाली तेव्हा मी म्हणाले, ती तू ठेव. आता तो घर बदलून मुलीच्या जवळ लहान जागेत राहायला जातोय आणि तीन आठवडे फोन करतोय, येऊन ती घेऊन जा, तुझ्या उपयोगाची. मी कामाची सबब सांगत होते. आज संध्याकाळी नक्की येते, असं काल कबूल केलं होतं. आणि नेमका आज सकाळी दंतवैद्य आला. अशा गोष्टींना मी योगायोगच म्हणते. मोठा शब्द वापरायची मला भीती वाटते.

पाच वाजता मी पायीच निघाले. रस्त्यात एका दुकानाच्या काचेत माझा चेहरा दिसला आणि तो आनंदी होता. मला स्वतःचा राग आला. सुटल्यासारखं वाटत होतं, ते खोटं नव्हतं; मी ती रेकॉर्ड बिघडवली नव्हती, कोणीच बिघडवली नव्हती. पण त्या सुटकेच्या मागून दुसरं काहीतरी लुटूलुटू चालत येत होतं आणि चौकात थांबल्यावर त्याने मला गाठलं. मला बोलायची गरजच नव्हती. दादाला सांगायचं, हा कारखान्याचा दोष, बघ, नख फिरवून बघ, आणि संपलं. तो मोकळा, मी मोकळी. मी ती लावली होती, हे सांगायचं कारणच उरत नाही, कारण ज्याची कबुली द्यायची ते घडलेलंच नाही. मी हे स्वतःला तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी वाक्य इतकं गुळगुळीत झालं की मला त्याची किळस आली. घडलं नव्हतं, पण घडलंय असं मला माहीत होतं, आणि मी बशी धरून उभी राहिले होते. साच्याला चरा पडला म्हणून मी नऊ वर्षांची असताना गप्प बसले नाही. आणि नंतर वीस वर्षांची, तीसची, चाळिशीची असतानाही साच्यामुळे गप्प बसले नाही. सिग्नल सुटला तरी मी तिथेच उभी होते आणि मागून कोणीतरी म्हणालं, बाई, जाताय की थांबताय.

दादाने दार उघडलं. घरभर खोकी. वहिनी बाहेर गेली होती, खोक्यांना लावायची चिकटपट्टी संपली म्हणून. "दिवसभर माझ्यावर ओरडून दमली, आता दुकानदारावर ओरडेल," तो म्हणाला. त्याने माझ्यासाठी एक खुर्ची मोकळी करून ठेवली होती. प्लेअर अजून खोक्यात भरला नव्हता आणि रेकॉर्ड त्याच्यावरच होती, कव्हरमध्ये, पुसून ठेवलेली. मी पर्स खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलायला लागले, कारण बसले असते तर जमलं नसतं. दंतवैद्य, त्याची आई, दुकानदार, तिसरी पाकीटबंद रेकॉर्ड. साचा, उंचवटा. दादा ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, तसा तो लिफ्टचा आवाज ऐकताना होतो. मी रेकॉर्ड काढली, त्याचं बोट धरलं, रेषेवर टेकवलं. त्याच्या नखाखाली इतक्या वर्षांचं वंगण कायमचं बसलेलं आहे. "खाली जातंय का वर?" मी विचारलं. त्याने दोनदा फिरवलं. "वर," तो म्हणाला.

तो खोक्यावर बसला. म्हणाला, "म्हणजे मी नाही केलं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हणाले, तू कुठे केलं होतंस. "अगं, मी लावली होती ना," तो म्हणाला. "त्या दिवशी सकाळी. तू शाळेत, बाबा ऑफिसात, आई अंघोळीला. मला बाहेर पडायला अजून अर्धा तास होता. तिसऱ्यात अडकली. मला वाटलं माझ्या हाताचा धक्का लागला. टेबलावर रेलून उभा होतो मी, तिच्याबरोबर गात होतो. गाताना हलतो माणूस. मला वाटलं, आपण गायला लागलो म्हणून हे झालं." तो असं म्हणाला, साध्या आवाजात, जणू हे कोणालाही सुचलं असतं. तर त्याने मला वाचवलं नव्हतं. त्याला मी दिसलेच नव्हते. चव्वेचाळीस वर्षं मी ज्या उपकाराखाली वाकून चालले तो उपकार नव्हताच. एका पंधरा वर्षांच्या मुलाने बापाला खरं ते सांगितलं होतं, त्याला खरं वाटत होतं ते. आणि त्याच वेळी तीन हातांवर मी उभी होते, मला वेगळं खरं माहीत होतं. मी एक शब्द बोलले असते तर बाबांना आम्हा दोघांनाही विचारावं लागलं असतं. दोन माणसांनी वेगवेगळ्या वेळी लावली आणि दोन्ही वेळा त्याच जागी अडकली, हे कळायला कोणाला नख लागत नाही.

दादा हसायला लागला. पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "लाव," तो म्हणाला. "लाव ती. दुसरी बाजू." मी लावली. पहिल्या गाण्यात तो नुसता बसून होता. दुसऱ्यात त्याची मान हलू लागली. तिसऱ्याला त्याने तोंड उघडलं आणि मला आधी वाटलं तो खोकतोय. आवाज गंजलेला होता, खालचे स्वर तर लागतच नव्हते, पण चढताना तो सरळ चढला, एक पायरी, दोन पायऱ्या, आणि सुई मागे आली तसा तोही मागे आला, तिच्याबरोबर, पुन्हा वर, पुन्हा मागे, हसत, गात, डाव्या हाताने खोक्यावर ठेका धरत. मी त्याच्याकडे बघत होते. इतका सुंदर तो मला कधी दिसला नव्हता. गाता गाताच मध्ये थांबून तो म्हणाला, "तुला केव्हा कळलं हे?" मी म्हणाले, "आज सकाळी." "तेच म्हटलं," तो म्हणाला. "आधी कळतं तर तू सांगितलंच असतंस." आणि पुन्हा गाऊ लागला.

आता बोललं तर हे गाणं थांबेल, एवढंच मला दिसत होतं. उद्या सांगू. नव्या घरी जाऊन सांगू. त्याला आजचा दिवस तरी मिळू दे. हे विचार मायेचे होते, आणि ते मला चांगले ओळखीचे होते. दरवेळी ते याच कपड्यांत आले होते. बाबांच्या आजारपणात आले होते, बाबांना आता त्रास नको म्हणत. दारात किल्ली फिरल्याचा आवाज मला ऐकू आला, त्याला आला नाही.

वहिनी आत आली. हातात चिकटपट्टीची दोन रिळं, चपला अजून पायांत. एकतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याला गाताना ऐकलं नव्हतं. ती दारातच खिळली. दादा तिला बघून थांबला, शाळकरी मुलासारखा. गाणं एकटंच अडकत राहिलं. काय विचारावं हे तिला सुचेना, म्हणून तिने समोर दिसलं ते विचारलं.

"कोणी लावलीय ही?"

दादाचे ओठ 'मी' म्हणायला मिटलेले मी पाहिले.

"मी," मी म्हणाले. "मी लावली होती."

वहिनीने मान डोलावली, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण दादा माझ्याकडे वळला. लावली, एवढं पुरलं असतं. होती कशाला, हे त्याला ऐकू आलं. त्याचा कान पहिल्यापासून चांगला. त्याच्या चेहऱ्यावरून तो एक शब्द सावकाश मागे मागे जाताना मला दिसला, खोकी, लग्न, लिफ्टचे बोळ, जिना, आणि शेवटी ते दार आणि ती बशी.

"त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"हो. दुपारी."

"अडकली?"

"हो. मला वाटलं मीच केलं."

"आणि मी बाबांना सांगत होतो तेव्हा तू तिथे होतीस."

"दाराशी होते, दादा."

तो काही वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मी ते लपवले नाहीत. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस दमलेला दिसतो तसा तो दिसत होता, आणि फार म्हातारा.

"बाबा होते तोवर तरी सांगायचंस," तो म्हणाला.

रेकॉर्डवरची ती बाई दोन पायऱ्या चढत होती आणि मागे येत होती, आणि आम्हा दोघांपैकी कोणी उठत नव्हतं. शेवटी वहिनीने चिकटपट्टी खोक्यावर ठेवली, पुढे आली आणि तिनेच सुई उचलली.